असायलम म्हणजे आश्रय नव्हे, अभय

प्रश्न असा आला आहे: युरोपियन युनियनच्या नव्या स्थलांतर-करारावरच्या एका मराठी बातमीत त्याच माणसांना मथळ्यात 'निर्वासित', पहिल्या परिच्छेदात 'शरणार्थी', पुढे 'आश्रयार्थी' आणि शेवटी 'घुसखोर' म्हटलं होतं. यातला बरोबर शब्द कोणता? आणि 'कॉमन असायलम पॉलिसी'ला, म्हणजे छळाच्या भीतीनं आलेल्यांचे अर्ज कसे हाताळायचे याच्या युरोपीय धोरणाला, 'समान आश्रय धोरण' म्हणावं का?

'समान'चं आधी उरकतो. समान म्हणजे एकसारखं, सामाईक म्हणजे सगळ्यांचं मिळून. सातबाऱ्यावर 'सामाईक क्षेत्र' लिहितात, 'समान क्षेत्र' नाही, एवढं तरी बातमी लिहिणाऱ्याला माहीत असायला हवं. ऑक्टोबर 1999 मध्ये फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरात युरोपीय नेत्यांनी जी व्यवस्था उभारायचं ठरवलं ती सामाईक. भांडणंही सामाईक विहिरीवर होतात तशीच झाली. 1990 चा आणि 1997 पासून अंमलात आलेला डब्लिन करार सांगत होता की माणूस ज्या देशातून आत आला, बहुतेक वेळा त्याच देशानं त्याचा अर्ज तपासायचा. म्हणजे विहीर सगळ्यांची, पण डागडुजीचा खर्च जिच्या बांधाला ती लागून आहे त्या इटलीचा, ग्रीसचा, माल्टाचा. 2015 मध्ये 1,60,000 माणसं वाटून घ्यायचं ठरलं, त्यातली जेमतेम 35 हजार खरोखर वाटली गेली. मग 14 मे 2024 ला दहा कायद्यांचा नवा करार मंजूर झाला. तो लागू होण्याची तारीख 12 जून 2026. त्यात सोय अशी की एक तर माणसं घ्या, नाही तर माणशी 20 हजार युरो भरा, किंवा मनुष्यबळ आणि साहित्य पाठवा. प्रत्येकाचा वाटा वेगळ्या रूपात. याला 'समान' म्हणणं साफ चूक आहे.

आता शब्द. 'स्थलांतरित' सगळ्यांना लागू पडतो, कामासाठी गेलेल्यालाही. 'घुसखोर' हा आरोप आहे, वर्णन नव्हे. ज्याचा अर्ज अजून तपासलेलाच नाही त्याला तो लावणं म्हणजे निकालाआधी शिक्षा. 'निर्वासित' चांगला शब्द आहे. निर्वासन म्हणजे हुसकावून लावणं, आणि 1947 नंतर कल्याणच्या छावणीत, पुढच्या उल्हासनगरात, आलेल्या सिंधी माणसांमुळे तो मराठीत घरोघरी पोचला. पण निर्वासितांविषयीच्या 1951 च्या जिनिव्हा करारानुसार ज्याचा दावा मान्य ठरतो त्याच्यासाठीच तो राखून ठेवावा. 2022 नंतर युरोपात गेलेल्या 40 लाखांहून अधिक युक्रेनी माणसांनाही सरसकट 'निर्वासित' म्हणतात. त्यांना मिळालं ते 2001 च्या एका वेगळ्या कायद्याखालचं तात्पुरतं संरक्षण, एकेकाचा दावा न तपासता.

'शरणार्थी' हिंदी आहे म्हणून हाकला, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. 'शरणं गृहरक्षित्रोः', असं अमरकोश सांगतो. शरण म्हणजे घर आणि रक्षण करणारा. अडचण आपल्या आजच्या कानाची आहे. मराठीत शत्रू शरण येतो, नक्षलवादी शरण येतात. शरण म्हटलं की हात वर केलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि म्हणून तो शब्द इथे नको.

उरला 'असायलम', आणि खरी गंमत इथे आहे. बहुतेक कोश 'आश्रय, आश्रयस्थान' एवढं देऊन मोकळे होतात. शब्द ग्रीक आहे: 'असूलॉन'. 'सूलॉन' म्हणजे धरपकडीचा, जप्तीचा हक्क. प्राचीन ग्रीसमध्ये एका शहरातल्या माणसानं पैसे बुडवले तर धनको त्याच्या गावच्या भलत्याच माणसाचा माल ओढून नेऊ शकत असे. सुरुवातीला 'अ' लागला की ज्याला हात लावता येत नाही ते असूलॉन. हा 'अ' आपलाच आहे! ग्रीक 'अ' आणि संस्कृत नकारार्थी 'अ' एकाच मुळातून आले.

इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातला एक कांस्यपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर ओइआन्थेइया आणि खालेयॉन या दोन छोट्या ग्रीक शहरांमधला करार कोरला आहे. एकमेकांच्या हद्दीतून परक्या माणसाला किंवा त्याच्या मालाला कुणी धरून न्यायचं नाही. समुद्रावर माल पकडायला मोकळीक, पण शहराच्या बंदरात नाही. हे वाचल्यावर मला आजचं लाम्पेदुसा आठवतं, स्थलांतरितांच्या होड्या जिथे लागतात ते इटलीचं बेट. माणूस पाण्यात आहे, बंदरात आहे की जमिनीवर, यावर त्याचा हक्क ठरतो. नव्या युरोपीय करारातही सीमेवरच्या छाननीत माणूस जमिनीवर उभा असतो, पण कायद्याच्या लेखी तो देशात आलेलाच नसतो.

आणखी एक. 'असूलिया', म्हणजे हात न लावण्याचा हा दर्जा, एकट्यानं जाहीर करून भागत नसे, ती इतरांनी मान्य करावी लागे. इसवी सनापूर्वी 208 च्या सुमारास मेआंडर नदीकाठच्या माग्नेसियानं ग्रीक जगभर दूत पाठवून मान्यता मागितली, आणि आलेली उत्तरं आपल्या चौकात दगडावर कोरून ठेवली. इ.स. 22 मध्ये असा दर्जा सांगणारी ग्रीक शहरांतली देवळं कर्जबुडव्यांनी आणि गुन्हेगारांनी भरल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा रोमच्या सिनेटनं शहरांचे दूत बोलावून त्यांच्या सनदा तपासल्या. सामाईकपणा हा असायलमला ब्रसेल्सनं जोडलेला नाही, तो शब्दाच्या जन्मापासून त्यात आहे, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून 'आश्रय' मला पटत नाही. आ + श्रि म्हणजे टेकणं, रेलणं. आश्रयात छप्पर येतं, जेवण येतं, राजाश्रयाचं मानधन येतं, आणि 'आश्रित' म्हटलं की मराठी घरातली लाचारी येते. 'आश्रय' वाचणाऱ्याला वाटतं, युरोप यांना पोसतो आहे. असायलमचा गाभा देण्यात नाही, न करण्यात आहे. जिनिव्हा कराराचं 33 वं कलम तेच सांगतं: जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे माणसाला परत लोटायचं नाही. त्याच करारातली निर्वासिताची व्याख्या कशावर उभी आहे? वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याच्या साधार भयावर. कायद्यात 'भय' लिहिलंय आणि आपण उत्तर म्हणून 'आश्रय' देतो! भयाला उत्तर अभय. असूलॉनसारखाच 'अ', तशीच बांधणी.

कुणी म्हणेल, अभय म्हणजे माफी, गुन्हेगाराला देतात ते. हा अर्थ करांच्या 'अभय योजनां'मुळे कानात बसला आहे, पण शब्द तेवढाच नाही. मराठेशाहीच्या दफ्तरांत अभयपत्रं आणि कौलनामे आहेत. परागंदा झालेल्या रयतेला, पेठ वसवायला येणाऱ्या व्यापाऱ्याला कौल मिळे: या, तुम्हाला उपद्रव होणार नाही. आजही 'अभयारण्य' आपण बिनदिक्कत म्हणतो. तिथे वाघाला कुणी भरवत नाही, त्याला मारायची मनाई असते, बस. सँक्चुअरीला 'आश्रयारण्य' कुणी सुचवलं नाही, मग माणसाच्या बाबतीत हा घोळ का?

तर अर्ज केलेला तो अभयार्थी, दावा मान्य झालेला तो निर्वासित, आणि धोरण सामाईक अभय-धोरण. फक्त सामान्यरूप नीट करा: 'विद्यार्थ्यांना' तसं 'अभयार्थ्यांना'. 'अभयार्थींना' असं छापलेलं मला दिसायला नको.