मी वेगमर्यादेतच चालवत असेन, तर उजव्या लेनमधून बाजूला का व्हायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: द्रुतगती मार्गावर मर्यादा 100 ची आहे, तुम्ही सगळ्यात उजव्या लेनमधून बरोबर 100 ने जाता, तरी मागचे डिपर मारतात. नियम ते मोडतायत, मग बाजूला तुम्ही का व्हायचं? आणि अगदी बंपरला चिकटलेल्या गाडीचं करायचं काय?

बाजूला व्हायचंच. मीसुद्धा कित्येक वर्षं तुमच्यासारखाच विचार करत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. (डावीकडून चालणाऱ्या रस्त्यांच्या हिशोबाने लिहितेय. तुमच्याकडे उजवीकडून चालवत असतील तर डावं-उजवं उलट करून वाचा.)

गफलत एका शब्दात आहे. उजव्या लेनला आपण सर्रास 'फास्ट लेन' म्हणतो. मग साहजिकच वाटतं, की मी कमाल वेगाने जातोय, म्हणजे ही लेन माझी. पण ती लेन वेगाची नाही, ओव्हरटेकची आहे. पुढच्याला मागे टाकायचं, जागा झाली की परत डावीकडे यायचं. रस्ता रिकामा असेल तर 100 ने जाणाऱ्याची जागाही डावीकडेच. 1968 च्या व्हिएन्ना करारात हे मूळ तत्त्व आहे, की वाहनाने आपल्या दिशेच्या कडेला धरून चालावं. ब्रिटनमध्ये तर कारण नसताना मधली लेन अडवून बसणाऱ्याला 2013 पासून पोलीस जागेवरच दंड करू शकतात, त्याचा वेग मर्यादेत असला तरी.

आणखी एक गोष्ट. तुमचा काटा 100 दाखवतो तेव्हा गाडी खरोखर 100 ने चालली असेलच असं नाही. काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीच दाखवू नये, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे, त्यामुळे कंपन्या तो थोडा जास्तच दाखवणारा ठेवतात. म्हणजे मागचा माणूस मर्यादा मोडतोय अशी तुमची खात्री असते, तेव्हा तो कदाचित मर्यादेतच असतो. आणि मोडत असला तरी त्याला अडवणं हे तुमचं-माझं काम नाही.

मला हे समजलं ते एका संध्याकाळी. मी उजव्या लेनमध्ये होते, काटा 95 वर. शेजारी मामा बसले होते, उभं आयुष्य मालवाहू ट्रक चालवलेले. मागे एक गाडी डिपर देत होती. मी मनात म्हटलं, देऊ दे, मी काही चुकीचं करत नाहीये. तीन-चार किलोमीटर तशीच गेले. डावीकडे मोकळी जागा होती, हे मला दिसत होतं. शेवटी त्याचा धीर सुटला. त्याने डावीकडून काढली आणि पुढच्या टँकरच्या मागून माझ्यासमोर तिरकी घुसवली. मी कचकन ब्रेक दाबला. मागच्या सीटखालची पाण्याची बाटली घरंगळत पुढे आली आणि माझ्या टाचेला लागून थांबली, ब्रेकच्या पेडलपासून वीतभर अंतरावर. मामांनी वाकून ती उचलली, दाराच्या कप्प्यात ठेवली आणि एवढंच म्हणाले, "तुझा वेग बरोबर होता गं. जागा चुकली."

डावीकडून घुसणं ही त्याची चूकच होती, आणि ती माझ्या चुकीपेक्षा मोठी होती. पण त्याला तिकडे ढकललं मी. उजवी लेन कुणी अडवली, की मागचे लोक डावीकडून वाट शोधतात. तिथे ट्रक असतात, आणि ट्रकच्या डाव्या अंगाला चालकाला फार कमी दिसतं. मामांची एक खूण लक्षात ठेवा: ट्रकच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. अशा जागी रेंगाळू नका. एकतर पुढे निघा, नाहीतर मागे राहा.

माझ्या त्या ब्रेकचं मागे काय झालं, हे मला कधीच कळणार नाही. पण काय होऊ शकतं, हे जपानमध्ये काही संशोधकांनी फार सुंदर दाखवलं. 230 मीटरच्या गोल ट्रॅकवर 22 गाड्या ठेवल्या आणि चालकांना सांगितलं, अंतर राखून ताशी 30 च्या आसपास एकसारखं चालवा. सिग्नल नाही, चौक नाही, अपघात नाही. तरी थोड्या वेळात कुणीतरी किंचित हळू झालं, मागच्याने त्याहून जरा जास्त ब्रेक लावला, त्याच्या मागच्याने आणखी, आणि बघता बघता काही गाड्या चक्क थांबल्या. ती थांबण्याची लाट मागे मागे सरकत राहिली. 2008 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मोठ्या रस्त्यावर काहीच कारण नसताना गर्दी तुंबते आणि पुढे गेल्यावर अपघातही दिसत नाही, असा अनुभव तुम्हाला आला असेल. कित्येकदा कारण हेच असतं. म्हणून मागच्याला विनाकारण ब्रेक लावायला न लागणं, हीच मी चांगल्या ड्रायव्हिंगची कसोटी मानते.

त्यासाठी अंतर हवं. 100 च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते, म्हणजे दोन सेकंदांत 56. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणा. ते संपायच्या आत तुम्ही खांबापाशी असाल, तर जवळ आहात. पावसात हे दुप्पट करा. "एवढी जागा सोडली की कुणीतरी मध्ये घुसतंच," असं लोक म्हणतात. घुसू द्या. प्रत्येक घुसणाऱ्यामागे तुमचे दोन सेकंद जातात. प्रवासभरात दहा जण घुसले तर वीस सेकंद. तेवढ्यासाठी बंपरला बंपर लावून जाणं मला तरी पटत नाही.

ट्रकवाल्यांविषयी थोडं जास्त लिहिते, कारण छोट्या गाडीतले लोक त्यांच्यावर उगाच चिडतात. 80 ने चाललेल्या ट्रकला 84 ने जाणारा ट्रक ओव्हरटेक करतो, तेव्हा दोघांतला फरक सेकंदाला जेमतेम एक मीटरचा. दोन्ही ट्रकची लांबी आणि पुढे-मागे सोडायची जागा धरून 100 मीटर कापायचे म्हटले, तर दीड मिनिट लागतं आणि तेवढ्यात दोन किलोमीटर रस्ता सरतो. जर्मनीत याला 'हत्तींची शर्यत' म्हणतात. मागे अडकलेल्याला वाटतं, हा मुद्दाम करतोय. पण भरलेल्या ट्रकचा चढावर वेग एकदा मेला, की तो परत यायला फार वेळ जातो, म्हणून चालक आलेला वेग सोडायला बघत नाही. मामांचा शिरस्ता असा होता, की शेजारून कुणी काढत असेल तर आपण पाय किंचित उचलायचा. 80 चे 76 झाले की फरक दुप्पट, वेळ निम्मा. आणि आपण मागे असू तर थांबायचं. दोन मिनिटं 100 ऐवजी 80 ने जावं लागलं, तर हिशोबाने फक्त 24 सेकंद हरवतात.

बाजूला व्हायचं म्हणजे सारखं नागमोडी चालवायचं, असं मात्र नाही. डावीकडे ट्रकची रांग असेल आणि दोन ट्रकमधल्या फटीत तुम्ही दहा सेकंदही राहणार नसाल, तर उजवीकडेच राहून ती रांग मागे टाका. पण पुढे चांगली लांब जागा दिसली की डावीकडे या. लेन बदलताना आधी आरसा, मग इंडिकेटर, मग खांद्यावरून एक नजर, मग स्टिअरिंग. इंडिकेटरची तीन-चार वेळा टिकटिक होऊ द्या, तोवर गाडी हलवू नका. इंडिकेटर म्हणजे विचारणं असतं. पुष्कळ जण लेन बदलून झाल्यावर तो देतात, त्याचा कुणालाच उपयोग नाही.

आता चिकटलेल्या गाडीचं. पहिली गोष्ट, धडा शिकवायला ब्रेक मारू नका. मागच्याकडे थांबायला जागाच नाही, आणि तो आदळला तर जखमी तुमच्या गाडीतलेही होतील. दुसरी, घाबरून वेग वाढवू नका. चालू असलेला ओव्हरटेक आपल्या वेगाने पूर्ण करा. डावा इंडिकेटर आधीच लावा, म्हणजे त्याला कळतं की तुम्ही त्याला पाहिलंय आणि जाणार आहात. निम्म्या लोकांचा पारा तिथेच उतरतो. डावीकडे यायला लगेच जागा नसेल, तर तुमच्या पुढचं अंतर थोडं वाढवा, म्हणजे पुढे काही झालं तरी तुम्हाला हळूहळू थांबता येईल. ते अंतर तुम्ही त्याच्या वाट्याचंही राखत असता.

रस्ता सगळ्या लेनमध्ये गच्च भरलेला असेल तर ओव्हरटेकचा प्रश्नच उरत नाही. तेव्हा आपली लेन धरून राहावं, शेजारची जरा सरकली म्हणून उड्या मारू नयेत. लेन संपत असेल तर ती शेवटपर्यंत वापरावी आणि तिथे एक इकडची, एक तिकडची असं चेनच्या दातांसारखं मिसळावं. लांबूनच घुसायची धडपड केली की दोन्हीकडची रांग अडते. आणि गाड्या थांबायला लागल्या की रुग्णवाहिकेसाठी वाट ठेवावी. जर्मनीत हा कायदाच आहे: सगळ्यात आतल्या, म्हणजे दुभाजकालगतच्या लेनमधले आतल्या कडेला, बाकीचे सगळे बाहेरच्या कडेला, आणि मधली पट्टी मोकळी. सायरन ऐकू आल्यावर नाही, रांग पायी चालण्याच्या वेगावर आली की लगेच. कारण गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्यावर सरकायला जागाच उरत नाही.

त्या संध्याकाळी उरलेल्या रस्त्यात मामांनी माझ्याकडून एक सराव करून घेतला, तो तुम्हीही करून बघा. दर आठ-दहा सेकंदांनी आरशात पाहायचं आणि जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. "मागे पांढरी गाडी, लांब. डावीकडे टँकर, मागे पडतोय. उजवी मोकळी." सुरुवातीला माझी जीभ अडखळत होती, कारण बोलायला काहीच नव्हतं, मी आरशात पाहतच नव्हते. अर्ध्या तासाने एक गाडी मागून वेगात येताना मला इतक्या लांबून दिसली, की तिचे दिवे अजून ठिपक्याएवढे होते. मी डावा इंडिकेटर लावला आणि बाजूला झाले. ती डिपर न मारताच निघून गेली. मामा काही बोलले नाहीत, त्यांनी सीट थोडी मागे केली आणि डोळे मिटून घेतले.