मेंदूला साखर घ्यायला इन्सुलिन लागत नाही, मग साखर ४८ वर आल्यावर बाबा भलतंच का बोलायला लागले?

बाबांनी श्रावणी सोमवारचा उपवास धरला, मधुमेहाची गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली. दुपारी पडवीत बसल्या बसल्या असंबद्ध बोलायला लागले, घाम नाही, थरथर नाही, आणि साखर ४८ निघाली, असं तुम्ही लिहिलंय. मी गुहागर तालुक्यात डॉक्टर आहे. उपवासाच्या दिवसांत असे पेशंट येतातच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे, मेंदूत साखर शिरायला इन्सुलिन लागत नाही. मेख नेमकी तिथेच आहे.

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की त्यांच्या फटीतून ग्लुकोज जाऊ शकत नाही. पेशीचं आवरण स्निग्ध, ग्लुकोज पाण्यात विरघळणारं, त्यामुळे आरपारही जाता येत नाही. उरतो एकच मार्ग, त्या आवरणात बसलेलं ग्लूट-१ नावाचं प्रथिन. ते रक्ताच्या बाजूला उघडतं, ग्लुकोजचा एक रेणू आत घेतं, आकार बदलून दुसऱ्या बाजूला उघडतं आणि रेणू सोडतं. केशवाहिनीच्या पेशीला दोन बाजू, रक्ताकडची आणि मेंदूकडची. दोन्हीकडे हेच प्रथिन असतं. पुढे चेतापेशी ग्लूट-३ या त्याच्या भावंडाकरवी साखर उचलतात.

दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. बोट दोन्हीकडे जाते, पण ज्या धक्क्यावर गर्दी जास्त तिथूनच जास्त माणसं पलीकडे पोचतात. ग्लूट-१ चंही तसंच. ते ऊर्जा खर्चून साखर ओढून आणत नाही. रक्तात साखर जास्त आणि मेंदूत कमी, या फरकावरच सगळं चालतं. स्नायूंमध्ये इन्सुलिन आलं की आत दडलेली ग्लूट-४ प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर जास्त शिरते. मेंदूच्या दारावर अशी तातडीची सोय नाही. रक्तातली पातळी उतरली की मेंदूची आवकही उतरते.

एरवी ही आवक गरजेपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून जेवण तासभर लांबलं तरी काही होत नाही. पण मेंदूचा खर्च मोठा आहे. वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, आणि स्वस्थ बसलेलं शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्यातली सुमारे २० टक्के एकटा मेंदू खातो. दिवसाला १०० ग्रॅमहून जास्त ग्लुकोज लागतं आणि साठा नगण्य. पातळी ५४ च्या खाली गेली की विचार आणि बोलणं बिघडू लागतं. लांबलेल्या उपासमारीत मेंदू कीटोनवर, म्हणजे चरबीपासून बनलेल्या इंधनावर भागवतो, पण यकृताला ते पुरेसे बनवायला दिवस लागतात. शिवाय गोळीमुळे इन्सुलिन वाढलेलं असेल तर ते तयारच होत नाहीत.

घाम आणि थरथर हा अ‍ॅड्रिनलिनचा इशारा असतो. जुना मधुमेह असेल तर तो बोथट होतो, रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे थरथर आणि धडधड झाकली जाते. मग पहिलं लक्षण बरळणं हेच. घरच्यांना वाटतं, म्हातारपणाचं किंवा उपवासाचं चाललंय. हे मला फार लागतं, कारण अशा वेळी चार चमचे साखर घातलेलं पाणी पुरेसं असतं.

माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम साखर पाण्यात किंवा साखर घातलेल्या कोकम सरबतात द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, कमीच असेल तर पुन्हा द्या. नारळाची वडी नको, खोबऱ्यातल्या तेलामुळे साखर उशिरा शोषली जाते. बाबा व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या मधुमेहाच्या गोळ्या घेत असतील तर घरची साखरही लवकर पचत नाही, ग्लुकोज पावडरच द्यावी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना गाठा.

आणि गोळी ग्लिमेपिराइडसारखी इन्सुलिन वाढवणारी असेल तर एकदा साखर वर आली म्हणून निर्धास्त राहू नका. तिचा असर बराच वेळ टिकतो, वयस्कर माणसात किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखीच. संध्याकाळी, रात्री साखर पुन्हा उतरू शकते, मोजत राहा. पुढच्या सोमवारच्या आधी डॉक्टरांना विचारून उपवासाच्या दिवशीचा डोस ठरवून घ्या.