खोली सात हजारांची, पॉलिसी चार हजारांची

गेल्या अंकात मी सहज लिहिलं होतं, मेडिक्लेमबद्दल काही अडलं असेल तर पाठवा. पत्रांचा गठ्ठाच आला. कुणी तर हॉस्पिटलची अख्खी फाईल झेरॉक्स काढून पाठवली आहे. नौपाड्यातल्या आमच्या घरात जेवणाचं टेबल दोन दिवस त्यानेच भरलेलं होतं. आधीच सांगते, मी एका सरकारी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात २९ वर्षं काढली आहेत. म्हणजे तुम्हाला ज्यांचा राग येतो, ती क्वेरी, म्हणजे क्लेममध्ये शंका, काढणारी माणसं म्हणजे मीच.

प्रश्न : आईचं (वय ६३) पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पॉलिसी चार लाखांची, सहा वर्षं जुनी. बिल २,२५,००० झालं आणि कॅशलेसमध्ये मंजूर झाले १,२३,४२९. उरलेले १,०१,५७१ आम्ही खिशातून भरले तेव्हा डिस्चार्ज मिळाला. टीपीएवाले (विमा कंपनीसाठी क्लेमचं काम बघणारी मध्यस्थ संस्था) म्हणतात, तुम्ही वरच्या दर्जाची खोली घेतलीत. खोली रोजची ७,००० होती, आमची मर्यादा ४,००० निघाली. मान्य. मग चार दिवसांचा फरक १२,००० कापा. लाखभर कसे कापले? (घोडबंदर रोड, ठाणे)

बिलं पाठवलीत हे फार बरं केलंत, वही-पेन घेऊन बसता आलं. तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आणि कंपनीचंही अर्धंच.

हॉस्पिटलमध्ये खोलीचं भाडं म्हणजे नुसतं भाडं नसतं, ती एक वर्गवारी असते. जनरल वॉर्ड, ट्विन शेअरिंग, सिंगल, डीलक्स. तुम्ही कुठल्या वर्गात झोपता त्यावर सर्जनची फी, भूल देणाऱ्याची फी, ऑपरेशन थिएटरचा दर, डॉक्टरांच्या व्हिजिट, नर्सिंग, सगळंच ठरतं. जनरलमधल्या आणि डीलक्समधल्या पेशंटचं पित्ताशय एकाच टेबलावर, एकाच सर्जनच्या हातून निघतं. बिलं मात्र दोन.

तुमच्या पॉलिसीत खोलीला विमा रकमेच्या एक टक्का मर्यादा आहे, म्हणजे रोजचे ४,०००. तुम्ही घेतली ७,००० ची. कंपनी म्हणते, तुमचा हक्क सातातल्या चार भागांचा, म्हणून खोलीवर अवलंबून असलेला प्रत्येक खर्च आम्ही चार सप्तमांशच देणार. याला प्रमाणशीर कपात म्हणतात.

आता तुमचं बिल. खोलीचे २८,०००, त्यातले १६,००० मिळणार, १२,००० गेले. सर्जन, भूल, थिएटर, व्हिजिट आणि नर्सिंग मिळून १,२६,०००. त्याचे चार सप्तमांश ७२,०००, म्हणजे ५४,००० गेले. हातमोजे, मास्क, रजिस्ट्रेशन, फाईल चार्जेस असले ९,००० तुमच्या पॉलिसीत मुळात बसतच नाहीत. हे झाले ७५,०००. ते कितीही टोचले तरी नियमानेच गेले आहेत. खोली घेताना तुमच्या हातात होते, आता नाहीत.

पण औषधं ३८,००० आणि तपासण्या २४,००० आहेत. त्या ६२,००० वरही त्यांनी सातातले तीन भाग कापलेत. ते २६,५७१ होतात. इथे मात्र तुम्ही भांडायचं. क्रोसिनची गोळी डीलक्समध्ये महाग होत नाही. विमा नियामकाने २०२० मध्येच स्पष्ट केलं आहे की औषधं आणि वापराच्या वस्तू, इम्प्लांट आणि उपकरणं, तपासण्या यांना ही प्रमाणशीर कात्री लावायची नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही. आणि ज्या हॉस्पिटलमध्ये खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत, तिथे तर ही कपात लागूच होत नाही.

तेव्हा सेटलमेंट लेटर, म्हणजे किती दिले आणि किती कापले ते कळवणारं पत्र, समोर ठेवा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. टीपीएला नको, टीपीए हा नुसता कारकून आहे, पैसे कंपनीचे. पत्रात आईचं वय, तुमची धावपळ, हॉस्पिटलातली वागणूक यातलं काही लिहू नका. मी अशी पत्रं शेवटपर्यंत वाचत असे, पण निर्णय आकड्यावरच होत असे. लिहा एवढंच : औषधं व तपासण्या यांवर २६,५७१ रुपयांची प्रमाणशीर कपात केली आहे, ती कोणत्या कलमाखाली ते कळवावं, अन्यथा रक्कम द्यावी. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं. आपल्याकडे आता ठाण्यातही त्यांचं कार्यालय आहे.

आणि पुढच्या वेळी ॲडमिशन काउंटरवर "कुठली रूम देऊ?" असं विचारलं की आधी पॉलिसीतली मर्यादा सांगा. त्या क्षणी पेशंट कण्हत असतो, आपल्याला वाटतं, जाऊ दे, आईला जरा बरी खोली मिळू दे. मला कळतं ते. पण त्या एका वाक्याची किंमत तुमच्या घरात ६६,००० झाली.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी पॉलिसी घेतली तेव्हा मला डायबेटिस होता. एजंट म्हणाला, फॉर्ममध्ये लिहू नका, प्रीमियम वाढेल, तीन वर्षांनी सगळं कव्हर होतं. आता तीन वर्षं झाली. सुटलो ना? (नेरूळ, वय ४७)

नाही. एजंटने दोन वेगळी घड्याळं एकत्र केली आहेत.

पहिलं घड्याळ तुम्ही सांगितलेल्या जुन्या आजारांचं. एप्रिल २०२४ पासून त्यांच्या क्लेमसाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते, पूर्वी ४८ होते. पण हे घड्याळ आजार फॉर्ममध्ये लिहिला तरच सुरू होतं. दुसरं घड्याळ ६० महिन्यांचं. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की "तुम्ही माहिती लपवली" या कारणावरून कंपनीला क्लेम अडवता येत नाही, सरळ फसवणूक सिद्ध केली तरच. तुम्ही या दोन्हींच्या मध्ये, तीनवर उभे आहात.

आणि पकडलं कुठे जातं ते सांगते. रात्री दोन वाजता तुम्हाला ॲडमिट करताना ज्युनियर डॉक्टर हिस्ट्री शीट भरतो. "शुगर आहे का? किती वर्षं?" बायको काळजीने खरं सांगते. तो लिहितो, "के/सी/ओ डीएम सिन्स ८ इयर्स", म्हणजे आठ वर्षांपासून डायबेटिस. आमच्या खात्यात फाईल आली की आम्ही पहिलं तेच पान उघडायचो. मग तुम्ही डेंग्यूने ॲडमिट असलात तरी प्रश्न डेंग्यूचा राहत नाही, तुमच्या खरेपणाचा होतो. कंपनी क्लेम तर नाकारतेच, कधी पॉलिसीही रद्द करते.

(हीच गोष्ट प्रामाणिक माणसांवरही उलटते. साडेतीन वर्षांचा बीपी असतो आणि घाबरलेला मुलगा सांगतो, "असेल दहा वर्षं." ते एकदा कागदावर आलं की खोडायला फार त्रास होतो. नक्की माहीत नसेल तर "नक्की माहीत नाही" असंच लिहायला सांगा.)

माझा सल्ला तुम्हाला आवडणार नाही. रिन्यूअलची वाट न बघता कंपनीला लेखी कळवा. प्रीमियम वाढेल, डायबेटिससाठी थांबायला लावतील, फारच कडक कंपनी असली तर पॉलिसीही बंद करेल. तरी आज ४७ व्या वर्षी, काही झालेलं नसताना हे सोसलेलं परवडेल. एजंटला दोष देऊन उपयोग नाही. प्रपोजल फॉर्मवर सही तुमची आहे, त्याची नाही.

प्रश्न : महापेला नोकरी आहे. कंपनीची ग्रुप पॉलिसी पाच लाखांची, आई-वडीलही त्यात. वेगळी पॉलिसी काढून प्रीमियम वाया का घालवू? वय ५४. (घणसोली)

ग्रुप पॉलिसीत बहुधा पहिल्या दिवसापासून सगळं कव्हर असतं, खोलीची मर्यादाही सैल. म्हणूनच तिची सवय लागते. पण ती पॉलिसी तुमची नाही, तुमच्या नोकरीची आहे. निवृत्त झालात, नोकरी सोडलीत की ती गेली. साठाव्या वर्षी, बीपीची गोळी चालू असताना नवी पॉलिसी काढायला गेलात तर मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचं ऑपरेशन यांना दोन ते तीन वर्षं आणि बीपीला तीन वर्षांपर्यंत थांबा. त्याच विमा कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, मागची वर्षंही धरली जातात, पण ते अर्ज वेळेत करण्यावर आहे आणि एचआर निरोपाच्या केकबरोबर हे सांगत नाही.

आत्ताच एक छोटी पॉलिसी काढा, थांबायची वर्षं नोकरीत असतानाच संपू द्या. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. पूर्वीचा १८ टक्के गेला. आई-वडिलांचं मात्र जास्त अवघड आहे. त्यांचं वय, आजार सविस्तर कळवा, पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : डॉक्टरांनी सकाळी दहाला "घरी जा" सांगितलं, आम्ही निघालो रात्री साडेआठला. टीपीएचं अप्रूव्हल आलं नाही म्हणे. (पाचपाखाडी)

नियम असा, की ॲडमिशनच्या वेळी कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. पण तास मोजायचे ते हॉस्पिटलने अंतिम बिल पाठवल्यापासून. डॉक्टर दहाला बोलले तरी फार्मसीची परतीची औषधं, डिस्चार्ज समरी, बिलिंग हे करता करता ते बिल अनेकदा चारला निघतं. बिलिंग डेस्कवर शांतपणे एकच विचारा, "मेल किती वाजता गेला?" आणि उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघा.

प्रश्न : सासऱ्यांच्या मोतीबिंदूचे ७२,००० झाले, ४०,००० च मिळाले. विमा पाच लाखांचा आहे हो! (सानपाडा)

तुमच्या पॉलिसीत मोतीबिंदूला डोळ्यामागे ४०,००० ची मर्यादा असणार. कस्टमर इन्फर्मेशन शीट म्हणून जे सोप्या भाषेतलं पान पॉलिसीला जोडलेलं असतं, त्यात बघा. तिथे लिहिलेलं असेल तर भांडण नाही.

तुम्हाला नावं ठेवायचा मला हक्क नाही. आमच्या ह्यांच्या डोळ्याच्या वेळी मीच, क्लेम खात्यातली बाई, ते पान न बघता भारीतली लेन्स निवडून आले होते. वरचे ३१,००० आम्ही भरले. दुसऱ्या डोळ्याला साधी लेन्स बसवली, आणि ह्यांचं म्हणणं आहे की पेपर त्याच डोळ्याने जास्त चांगला दिसतो.