आईवडिलांसाठी डबाबंद जेवणाचं सबस्क्रिप्शन लावावं का? ते खाणं सुरक्षित असतं का?

तुम्ही बंगळूरला, आईवडील नाशिकला, दोघंही सत्तरीपुढचे. म्हणून दरमहा चोवीस सीलबंद डबे घरपोच येतील अशी योजना लावायचं म्हणताय. मी रत्नागिरीत आंब्याच्या कॅनिंगमध्ये अकरा हंगाम काढले, त्यातले शेवटचे सहा तपासणीच्या टेबलावर. नीट बनलेल्या, न उघडलेल्या डब्याला मी घाबरत नाही. घोळ होतो तो डबा घरी आल्यावर.

आंब्याचा रस आंबट, त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली, त्यामुळे त्याला उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. राजमा, डाळ, चिकन यांचं तसं नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू १०० अंशांना दाद देत नाहीत, आणि हवा नसलेला डबा तर त्यांना हवाच असतो. म्हणून असे डबे रिटॉर्टमध्ये, म्हणजे अवाढव्य कुकरमध्ये, दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापवतात. डब्याच्या पार मध्यापर्यंत ती उष्णता पोचून काही मिनिटं टिकावी लागते. घरच्या घरी उकडलेली भाजी बरणीत भरून 'सहा महिने टिकते' म्हणणारे व्हिडिओ पाहिले की मला घाम फुटतो तो याचमुळे.

आमच्याकडे ३.१ किलोचा आणि ८५० ग्रॅमचा असे दोन डबे निघायचे. थंड झाले की दोन्ही तोंडांवर अंगठा दाबायचा. घट्ट बसलेलं तोंड हलत नाही. 'टक्क' करून आत-बाहेर झालं की डबा बाजूला. फुगलेला तर उघडायचाच नाही, चाखून बघणं दूरच, कारण बोट्युलिनमनं तयार केलेलं विष वासाला किंवा चवीला कळेलच असं नाही. घरीही हेच करायचं. पोटावर उथळ पोचा असेल तर चालतो, पण काठाच्या शिवणीवर पोचा आलेला डबा, किंवा पुसून न जाणारा गंज धरलेला डबा सरळ टाकून द्यायचा. दोन दोन दिसायला लागणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं असं काही खाल्ल्यानंतर झालं तर घरी थांबू नये, थेट हॉस्पिटल गाठावं.

उघडलेला डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवू नका. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा. डाळ-राजमा तीन-चार दिवसांत संपवा, अननस किंवा आमरस पाच-सात दिवसांत. आणि बंद डबा गॅसवर गरम करायला ठेवायचा नाही, तो फुटतो.

आता सबस्क्रिप्शन. तीन वर्षांपूर्वी मी आईसाठी एका कंपनीकडे लावलं होतं. पहिला महिना कौतुकाचा. मग तिला वरणभातच हवा, आणि खोकी मात्र येतच राहिली. चौथ्या महिन्यात गेलो तर माळ्यावर एकोणतीस डबे, वरून पत्र्याची धग, कोपऱ्यात पावसाची गळती. जुने मागे, नवे पुढे, त्यामुळे ती हात घालायची तो नव्यालाच. मागचे सहा शिवणीपाशी गंजले होते. इतकी वर्षं डबे तपासणाऱ्याच्या घरात!

तेव्हा रोजच्या जेवणाला जवळच्या पोळी-भाजी केंद्राचा डबा लावा. डबाबंद फक्त अडीनडीला: आठ-दहा डबे, कोरड्या कपाटात, तारखा मार्करनं मोठ्या लिहून. सबस्क्रिप्शन घ्यायचंच तर महिना वगळता येतो का ते आधी बघा, आणि ऑटोपे त्यांच्या नव्हे, तुमच्या फोनवर ठेवा. म्हणजे पैसे कापण्याआधीचा मेसेज तुम्हाला येईल. लेबलवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक आणि मीठ, म्हणजे सोडियम, किती तेही वाचा. वडिलांना बीपी असेल तर नुसता उकडलेला राजमा किंवा छोले घ्या, पाणी ओतून चाळणीत धुतले की बरंच मीठ जातं. तयार ग्रेव्हीचं काय धुणार?

अजून एक, जे मला फार उशिरा सुचलं. आईच्या बोटांत संधिवात. कटर फिरवता येईना म्हणून ती सुरीनं तोंड फोडत होती, आणि हे तिनं मला सांगितलंच नव्हतं. ओढून उघडायची कडी असलेले डबे मिळतात, पण तीही सगळ्यांना ओढवत नाही. पुढच्या वेळी नाशिकला गेलात की एक डबा त्यांच्याच हातून उघडवून बघा, मग ऑर्डरचं ठरवा.