डोंगरात शेवटी एकटाच जिंकतो, मग आठ जणांची टीम कशाला?

तुम्ही विचारलंय की टूर द फ्रान्समध्ये (फ्रान्समधली तीन आठवड्यांची, टप्प्याटप्प्याने होणारी सायकल शर्यत) सपाट रस्त्यावर टीमचा उपयोग समजतो, पण डोंगराच्या टप्प्यात शेवटी एकच जण पुढे निघतो, मग बाकीचे सात जण करतात काय? आणि काल सगळ्यांना मागे टाकणारा गडी आज एकदम ढेपाळतो कसा? प्रश्न दोन असले तरी उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे.

डोंगरातली टीम आपल्या माणसाला वर नेण्यासाठी कमी आणि समोरच्याला दमवण्यासाठी जास्त असते. आपण टीव्हीवर शेवटचे ५ किलोमीटर बघतो आणि म्हणतो, काय अटॅक मारला! (अटॅक म्हणजे अचानक वेग वाढवून बाकीच्यांपासून सुटणं.) त्या अटॅकची तयारी बऱ्याचदा दीड-दोन तास आधी, मागच्या घाटावर झालेली असते. मात्र हे सगळं दोघांच्या पायांत उन्नीस-बिसाचा फरक असेल तरच चालतं. फरक मोठा असेल तर कुठलीच चाल कामाला येत नाही. त्याकडे शेवटी येतो.

आधी हवेचं गणित. ताशी ४० च्या वर सायकल चालवणाऱ्याचा बहुतेक जोर हवा कापण्यात जातो. दुसऱ्याच्या मागे बसलं की त्यातला पाव ते एक तृतीयांश वाचतो. ९ टक्क्यांच्या चढावर मात्र हेच लोक ताशी २० च्या आसपास असतात आणि जोराचे दहातले जवळपास नऊ भाग स्वतःचं वजन वर उचलण्यात जातात. तिथे मागे लपून फारसं काही हाती लागत नाही. म्हणूनच तुम्हाला वाटतं की डोंगरात टीम निरुपयोगी आहे.

रविवारी सकाळी आम्ही काही जण कामठी, मनसर करत रामटेकला जातो. आमच्यात वीज खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. वारा समोरून असला की काका कधीच पुढे येत नाहीत. "जा न बाप्पा तुम्ही, मी येतो मांगून," म्हणतात आणि कोणाच्या तरी मागच्या चाकाला वीतभर अंतर ठेवून चिकटतात. पुढची पंचविशीतली पोरं धापा टाकत असतात. काकांचं तोंड बंद, श्वास नाकाने चालू. गडमंदिराचा चढ लागला की वेग इतका पडतो की कोणाच्या मागे बसून उपयोग नाही, आणि नेमके तिथेच काका निघून जातात. ताकद पोरांकडेच जास्त आहे हो, पण ती त्यांनी मनसरपर्यंत वाऱ्याला वाटून टाकलेली असते.

मोठ्या टीमचा नेता, म्हणजे ज्याला जिंकवायला बाकीचे राबतात तो, म्हणजे हे काका, फरक इतकाच की त्यांच्या पुढे चालणारी पोरं पगारी आहेत आणि नेता पंचविशीतला. २०१८ पासून तीन आठवड्यांच्या शर्यतींत एका टीममध्ये आठ जण असतात, त्याआधी नऊ असायचे. त्यातले दोन-तीन धिप्पाड गडी सपाटीवर हवा खातात, दोघे-तिघे पहिले एक-दोन घाट गती धरून ठेवतात आणि शेवटचा चढ लागेपर्यंत नेत्यासोबत एखादाच उरतो. ज्याची पाळी संपली तो बाजूला होऊन मागच्या घोळक्यात जातो आणि वेळेच्या मर्यादेत कसाबसा पोचतो. तो हरलेला नसतो, त्याची ड्युटी संपलेली असते.

बाटल्यांचंही तेच. टीम कारकडे मागे जाऊन पाठीवर जर्सीत बाटल्या कोंबून परत येणारा माणूस कॅमेऱ्यात विनोदी दिसतो. पण अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, आणि ४० मिनिटांच्या चढावर अर्ध्या किलोचे साधारण १५ सेकंद जातात. टूरमध्ये १५ सेकंद ही थट्टा नाही. ते वजन नेत्याऐवजी दुसरा कोणीतरी वाहतो.

(आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका सोलो पूर्ण केली. ती शर्यत याच्या बरोबर उलट आहे, तिथे दुसऱ्याच्या मागे लपायला नियमानेच बंदी. त्यामुळे ती बघून टूर समजत नाही, आणि टूर बघून ती.)

आता समोरच्याला दमवतात कसं? त्यासाठी २०२२ च्या टूरचा ११ वा टप्पा शोधून पाहा. आल्बर्टव्हिल ते कोल द्यू ग्रानों (कोल म्हणजे घाट), १३ जुलै. यलो जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिला असलेल्याची जर्सी, तादे पोगाचारकडे होती. तो आधीच्या दोन टूर जिंकलेला, आणि कोणी अटॅक केला की दुसऱ्याला न सोडता स्वतःच मागे धावायचा. जुम्बो-विस्मा टीमने त्याच्या याच सवयीवर डाव रचला. त्यांच्याकडे दोन पत्ते होते, योनास विंगेगार्ड आणि प्रिमोझ रोग्लिच. रोग्लिच पाचव्या टप्प्यात पडला होता, खांदा निखळला होता आणि पोगाचारपेक्षा जवळपास तीन मिनिटं मागे होता. पण तीन मिनिटं मागे असलेल्या रोग्लिचलाही मोकळं सोडायची सोय नव्हती, कारण डोंगरात तेवढा वेळ एका दिवसात भरून निघतो.

मग गालिबिये घाटाकडे दोघांनी आळीपाळीने अटॅक करायला सुरुवात केली. रोग्लिच निघाला की पोगाचारला मागे जावं लागे. त्याला गाठून श्वास घेतो न घेतो तोच विंगेगार्ड निघे. आणि त्यावेळी पोगाचारच्या बाजूला त्याच्या टीमचं कोणी नव्हतं. त्याचे दोन सहकारी आधीच कोविडमुळे घरी गेले होते. अटॅक करणाऱ्यांपैकी प्रत्येकाला मधेमधे विसावा होता, पोगाचारला नाही. त्यात भर म्हणजे पठ्ठ्याने उत्साहात गालिबियेवर स्वतःही जोर लावून बघितला, रोग्लिचला मागे टाकलं. बघणाऱ्यांना वाटलं, हा आज सगळ्यांना फोडतो. मला विचाराल तर त्या दिवसातलं सगळ्यात महाग पडलेलं काम तेच.

२,६४२ मीटर उंचीचा गालिबिये उतरून ते ग्रानोंच्या पायथ्याशी आले. ११ किलोमीटरचा चढ, सरासरी ९ टक्क्यांच्या वर, माथा २,४१३ मीटरवर. शेवटचे पाचेक किलोमीटर उरले असताना विंगेगार्ड निघाला आणि दिवसभर प्रत्येकाच्या मागे धावलेला पोगाचार या वेळी उठलाच नाही. जर्सीची चेन खालपर्यंत उघडी, खांदे डावी-उजवीकडे हलताहेत, मागचे लोक त्याला ओलांडून जाताहेत. २ मिनिटं ५१ सेकंद गेले, यलो जर्सी गेली, आणि ती टूरही गेली. रोग्लिच त्या दिवशी बराच मागे आला आणि काही दिवसांनी शर्यत सोडून घरी गेला. निकालपत्रात त्याचं नाव कुठे शोधणार? पण त्याच्याशिवाय ग्रानों घडलंच नसतं.

दुसरी चाल म्हणजे आपला एक मजबूत माणूस सकाळीच ब्रेकअवेत (मुख्य घोळक्याच्या आधी पुढे निघून जाणाऱ्या छोट्या गटात) घालून पुढे पाठवायचा. तो टप्पा जिंकायला जात नाही, पुढे जाऊन थांबायला जातो. याचं सुंदर उदाहरण २०२५ च्या जिरो द'इटालियाचं (इटलीतली तशीच तीन आठवड्यांची शर्यत), २० व्या टप्प्यातलं. गुलाबी जर्सी (जिरोतली पहिल्या नंबराची) २१ वर्षांच्या इसाक देल तोरोकडे, त्याच्या मागे ४३ सेकंदांवर रिचर्ड कारापाझ, १ मिनिट २१ सेकंदांवर सायमन येट्स. वाटेत कोल्ले देल्ले फिनेस्त्रे, ज्याचे वरचे ८ किलोमीटर कच्च्या खडीचे. येट्सने तिथे अटॅक केला. देल तोरो आणि कारापाझ एकमेकांकडे बघत राहिले. देल तोरोचं म्हणणं, पाठलाग तू कर, तुझंही नुकसान होतंय. कारापाझचं म्हणणं, जर्सी तुझ्या अंगावर आहे, तू कर. दोघांच्या भांडणात येट्स नजरेआड झाला.

पण खरी मेख माथ्याच्या पलीकडे होती. येट्सच्या टीमचा वाउट वान आर्ट सकाळपासून ब्रेकअवेत होता. तो पुढे जाऊन येट्ससाठी थांबला. घाट उतरल्यावर सेस्त्रिएरेकडे जाणारा चढ सौम्य आहे, वेग भरपूर राहतो, म्हणजे मागे लपण्याचा पुरेपूर फायदा. तिथे वान आर्टने येट्सला ओढलं आणि दीडेक मिनिटांचा फरक फिनिशपर्यंत पाच मिनिटांच्या वर गेला. येट्सने २०१८ मध्ये याच फिनेस्त्रेवर गुलाबी जर्सी गमावली होती, क्रिस फ्रूमने त्या दिवशी ८० किलोमीटर आधी अटॅक केला होता. सात वर्षांनी त्याच घाटावर येट्सने जिरो जिंकली. चढ चढला तो स्वतःच्या पायांनी, पण जिरो पक्की झाली ती पुढच्या खोऱ्यात, दुसऱ्याच्या मागे बसून.

तिसरी पद्धत म्हणजे पुढे रांगेने बसून इतकी गती धरायची की कोणाला अटॅक करायचा दमच उरू नये. फ्रूमच्या काळात टीम स्काय हेच करायची. परिणामकारक, पण बघायला कंटाळवाणं. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता ढेपाळण्याबद्दल. शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण २,००० कॅलरीची असते. डोंगराच्या मोठ्या टप्प्यात खर्च होतात चार ते पाच हजार. म्हणून हे लोक दर तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं जेल आणि पेयांतून पोटात ढकलतात. पण गती वाढली, उष्णता वाढली की रक्त पायांना आणि त्वचेला हवं असतं, पोट काम करेनासं होतं. खाणं राहून गेलं की तासाभराने माणूस बसतो. पाय दुखत नाहीत, नुसते रिकामे होतात. आपल्याकडे मे महिन्यात सायकल चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: तेच पाय, तोच वर्धा रोड, पण पारा ४४ वर गेला की ठोके वर आणि वेग खाली. त्यात २,००० मीटरच्या वर हवा विरळ, म्हणून टीम आधी तीन-तीन आठवडे तेनेरिफ बेटावरच्या तेइदे डोंगरावर किंवा स्पेनच्या सिएरा नेवाडा डोंगरांत जाऊन राहतात.

फॉर्म मात्र एका दिवसाच्या खाण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. एप्रिल २०२३ मध्ये पोगाचार बेल्जियमच्या लिएज-बास्तोन-लिएज शर्यतीत पडला, मनगट मोडलं. टूर १ जुलैला सुरू होणार होती. पहिले दोन आठवडे तो विंगेगार्डशी बरोबरीने लढला, १५ टप्प्यांनंतर फरक फक्त १० सेकंद! मग टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळायचा टप्पा) १ मिनिट ३८ सेकंद गेले आणि दुसऱ्या दिवशी कोल द ला लोझवर रेडिओवर त्याचा आवाज आला: मी संपलो, मेलो. पावणेसहा मिनिटं गेली. मोडलेलं मनगट चढ चढत नाही हे खरं, पण त्या काळात रस्त्यावर जे तास घालवायला हवे होते ते राहिले, आणि अशी तूट पहिल्या आठवड्यात दिसत नाही, तिसऱ्यात दिसते. त्या दिवशी मार्क सोलेर नावाचा सहकारी त्याच्या पुढे बसून त्याला माथ्यापर्यंत घेऊन गेला. टीमचं हेही एक काम, नुकसान आवरणं.

आणि आता मर्यादेकडे. २०२४ ची टूर, १५ वा टप्पा, प्लातो द बेयचा चढ. त्या वर्षी एप्रिलमध्ये विंगेगार्ड बास्क प्रदेशातल्या शर्यतीत भीषण पडला होता, गळपट्टीचं हाड आणि फासळ्या मोडल्या, फुप्फुसाला इजा. तरी टूरला आला, ल लिओरानला पोगाचारला स्प्रिंटमध्ये हरवलंही. प्लातो द बेयच्या दिवशी त्याच्या टीमने दिवसभर गती कडक ठेवली, शेवटच्या चढावर मॅटिओ जॉर्गन्सनने ओढलं, मग विंगेगार्ड निघाला. चाल पाठ्यपुस्तकातली. पोगाचार शांतपणे मागे बसला आणि पाचेक किलोमीटर उरले तेव्हा एकटा निघून गेला. त्या चढावरचा मार्को पांतानीचा १९९८ चा विक्रम त्याने तीन मिनिटांहून जास्त फरकाने मोडला. विंगेगार्डही त्या जुन्या विक्रमापेक्षा वेगात चढला होता! म्हणजे टीमने आपलं काम चोख केलं आणि फायदा झाला समोरच्याचा, कारण कडक गती सगळ्यात ताज्या पायांनाच सोयीची. तेव्हा ज्यांना वाटतं की २०२२ ची युक्ती पुन्हा लावली की पोगाचार पडेल, त्यांच्याशी माझं जमत नाही. त्या युक्तीला समोरच्यात कुठेतरी फट लागते. २०२४ मध्ये फट नव्हती.

बघताना दोनच गोष्टी बघा. शेवटून दुसऱ्या घाटाच्या माथ्यावर कोणत्या नेत्याजवळ किती सहकारी उरलेत ते मोजा. आणि सकाळच्या ब्रेकअवेत मोठ्या टीमचा एखादा दणकट गडी पुढे येऊन न ओढता मागे नुसता बसलाय का ते पाहा. असेल तर दुपारी काहीतरी होणार. टप्पे आपल्याकडे साधारण रात्री ९ च्या सुमारास संपतात. बरेच लोक जेवण उरकून साडेआठला टीव्ही लावतात. डोंगराच्या दिवशी साडेसहा-सातलाच लावा आणि जेवण टीव्हीसमोर घ्या.