त्यांच्या दुःखावर मी शिकायचे का?

परदेशातील शिक्षणाचा भाग म्हणून आशियात मानवी हक्क आणि स्थलांतर या विषयांवर इंटर्नशिप करू इच्छिणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात, तेव्हा व्हिसा आणि खर्चाचे बोलणे संपले की एक प्रश्न हमखास निघतो : एवढ्या मोठ्या दुःखापुढे मी काही महिने जाऊन काय करणार?

कायद्याच्या एका विद्यार्थिनीची या प्रश्नाने झोप उडवली होती. तिची निवड थायलंडमधील माए सोत येथे, स्थलांतरित कामगारांसाठी काम करणाऱ्या संस्थेत झाली होती. मोएई नदीच्या पलीकडे म्यानमारचे म्यावाडी आणि अलीकडे हे शहर, जिथल्या कापड कारखान्यांत म्यानमारमधून आलेले असंख्य कामगार राबतात. थायलंडने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. त्यामुळे फेब्रुवारी २०२१ मधील लष्करी उठावानंतर जीव वाचवून आलेल्या अनेकांपाशी निर्वासित म्हणून कायदेशीर ओळखच नाही. हे सर्व तिने वाचले होते आणि जितके वाचले तितकी ती खचत गेली होती.

“मॅडम, त्यांनी सगळं गमावलंय. मी त्यांचं ऐकायचं, प्रमाणपत्र घ्यायचं आणि परत यायचं. हा त्यांचा वापर नाही का?”

तिची समजूत घालणे सोपे होते, पण समजुतीने अशी अपराधभावना फार तर दोन दिवस दबते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारसरणीवर माझा विश्वास आहे : माणूस परिस्थितीपेक्षा तिच्याविषयीच्या स्वतःच्या हट्टाने अधिक पोळतो. तिचा हट्ट कोणता, हे शोधण्यात आमच्या काही भेटी गेल्या. अखेर मी तिला संस्थेचे पत्र मोठ्याने वाचायला सांगितले.

“कामगारांच्या वेतनाच्या नोंदी तपासणे आणि दाव्यांसाठी तक्ते तयार करणे.”

“यात कोणाला वाचवायला सांगितलंय?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कोणालाच नाही. ते मीच ठरवलं होतं.”

“आणि तक्ता चुकला तर?”

आता विद्यार्थिनीतली वकील जागी झाली. थायलंडच्या कामगार कायद्यानुसार जादा कामाला दीडपट आणि सुट्टीच्या दिवशीच्या जादा कामाला तिप्पट दर द्यावा लागतो, त्यामुळे एक रविवार साधा दिवस म्हणून नोंदला गेला तर एखाद्या कामगार बाईची हक्काची रक्कम बुडेल, हे तिने मला समजावून सांगितले. सांगताना तिचा आवाज बदललेला होता. मला वाटते, तिची अपराधभावना त्या क्षणी नाहीशी झाली नाही. तिला करण्याजोगे काम मिळाले. सर्वांना वाचवण्याच्या हट्टात नकळत स्वतःलाच केंद्रस्थानी ठेवले जाते. रविवार अचूक मोजताना मात्र लक्ष त्या बाईवर असते. इतक्या वर्षांच्या कामात हा फरक विद्यार्थ्याला स्वतःच्या तोंडून सापडतो तेव्हा मला सर्वाधिक समाधान वाटते.

असाच प्रश्न पडलेल्यांनी निघण्यापूर्वी संस्थेला काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. रोज कोणाच्या देखरेखीखाली काम करायचे? अत्याचार सोसलेल्यांच्या मुलाखती थेट घ्याव्या लागतील का, आणि लागल्यास त्याचे प्रशिक्षण व दुभाषी मिळेल का? ऐकलेले असह्य झाले तर कोणाशी बोलायचे? ज्यांना अटकेची वा परत पाठवले जाण्याची भीती आहे, त्यांचे छायाचित्र किंवा हकिकत समाजमाध्यमावर टाकू नये, मग हेतू कितीही चांगला असो. थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही कामाचा परवाना लागू शकतो. “पर्यटक म्हणून या, पुढचे पाहू” असे सांगणाऱ्या संस्थेला नम्रपणे नकार द्यावा.

तिने हे प्रश्न पाठवले, उत्तरे पटली म्हणून ती गेली, आणि परतण्याआधीचे दिवस तिने अपुऱ्या प्रकरणांची टिपणे लिहिण्यात घालवले, म्हणजे तिच्या जागी येणाऱ्याला कामगारांना तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागणार नाहीत.