गॅरेजमध्ये स्टुडिओ करताय? फोम राहू द्या, आधी शटरचं बघा

प्रश्न : आमचं गॅरेज रिकामंच पडलंय, साधारण 3 बाय 5.5 मीटर, उंची 2.6 मीटर. तीन बाजूंना विटांची भिंत, समोर लोखंडी शटर. गाणं आणि गिटार घरीच रेकॉर्ड करायचंय, पुढेमागे मित्राचा ड्रमसेटपण येईल. शेजारच्यांना त्रास नको म्हणून सगळ्या भिंतींना आणि शटरला आतून फोम लावायचा विचार आहे. किती जाडीचा घेऊ?

उत्तर : कुठल्याच जाडीचा घेऊ नका, निदान आत्ता तरी. आवाज बाहेर जाऊ न देणं हे एक काम आणि आतला आवाज माईकवर चांगला येणं हे दुसरं काम, आणि या दोन्हींचं सामान पूर्ण वेगळं असतं. फोम दुसऱ्या कामातला, तोही अर्धवट. आवाज अडवायला लागतं वजन, आणि फोमला वजनच नाही. अंड्यांच्या ट्रेंचं पण तेच. लोक हौसेनं सगळी खोली फोमनं मढवतात आणि बाहेर सगळं जसंच्या तसं ऐकू येतं, मग निराश होऊन रेकॉर्डिंगच सोडून देतात. याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या विटांच्या भिंती भारी आहेत, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टर असेल तर गाणं-गिटारपुरत्या त्या बऱ्यापैकी पुरतात. खरं भोक म्हणजे ते शटर. पातळ पत्रा, आणि कडेनं सगळीकडे फट. फटीचा हिशोब लोकांना पटकन पटत नाही म्हणून सांगतो, 90 सेंटिमीटर रुंदीच्या दरवाज्याखाली फक्त 1 सेंटिमीटर फट राहिली तर ती दरवाज्याच्या क्षेत्रफळाच्या अर्धा टक्कासुद्धा नसते, पण तेवढ्यानंच तो दरवाजा, कितीही जाडजूड असो, साधारण 23 डेसिबलच्या वर आवाज अडवू शकत नाही. उलट भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी फायदा होतो जेमतेम 5-6 डेसिबलचा. म्हणजे आधी फटी बुजवा, मग वजन वाढवा. भर दुपारी आतला दिवा बंद करून उभे राहा, जिथून उजेड येतो तिथून आवाज जातोय असं समजा.

शटर बाहेरून दिसायला राहू दे, पण त्याच्या आत हातभर जागा सोडून नवीन भिंत उभी करा. वीट बांधता आली तर उत्तम, नाहीतर फ्रेम करून तिच्यात रॉकवूल (दगडापासून केलेली दाट लोकर) भरायचं आणि दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्डचे दोन-दोन थर, सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. कडांना न वाळणारं, लवचिक राहणारं सीलंट. दरवाजा भरीव लाकडाचा, चारही बाजूंनी रबरी पट्टी, खाली उंबरा. पोकळ फ्लश डोअर लावलात तर बाकीची सगळी मेहनत वाया.

आता ड्रम. ड्रमसेट सहज 100 डेसिबलच्या वर जातो आणि किकचा, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, खालचा आवाज विटांतूनसुद्धा जातो, त्यामुळे तो खरंच येणार असेल तर खोलीत खोली करावी लागेल : आतल्या भिंती आणि आतलं छत जुन्या भिंतींना, छताला कुठेही न टेकता स्वतःच्या पायावर उभं. एक स्क्रूसुद्धा आरपार जुन्या भिंतीत गेला तर आवाजाला तिथून पूल मिळतो, म्हणून काम चालू असताना स्वतः हजर राहा, कारागीर सवयीनं फ्रेम भिंतीला ठोकतातच. आणि या आतल्या फ्रेमला बोर्ड फक्त खोलीच्या बाजूनं लावायचे, मागच्या बाजूला म्हणजे विटांकडे नाही. तिथे मध्ये आणखी एक थर आला की खालच्या सुरांत आवाज कमी अडतो, जास्त नाही. हे ऐकायला विचित्र वाटतं पण खरंय. रुंदी यात 30-40 सेंटिमीटरनं कमी होईल, फक्त रुंदी आणि उंची एकसारखी होणार नाही हे बघा, कारण 2.6 मीटर रुंदी आणि तेवढीच उंची झाली की दोन्हीकडून एकाच खालच्या सुराला, म्हणजे 66 हर्ट्झलाच, खोली घुमणार. जमीन थेट मातीवरच्या काँक्रीटची असेल तर तिला हात लावायची सहसा गरज नाही.

माझं मत विचाराल तर ड्रमचं नक्की ठरेपर्यंत शटरमागची भिंत आणि दरवाजा एवढंच करा, मग रात्री आत स्पीकर मोठ्यानं लावून बाहेर जाऊन ऐका.

प्रश्न : आमचा स्टुडिओ तयार आहे, पण दार लावलं की तासाभरात डोकं जड होतं. स्प्लिट एसी लावला तर भागेल का?

उत्तर : नाही. स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून फिरवतो, ताजी हवा आणत नाही. हवाबंद खोलीत दोन माणसं गात बसली की कार्बन डायऑक्साइड वाढणारच, ते अंगावर काढू नका. हवा यायला एक आणि जायला एक अशी दोन तोंडं ठेवा, प्रत्येकावर जाड प्लायची पेटी, आत तीन-चार वळणं आणि वळणांना आतून रॉकवूल, वर कापड. हवा वळत जाते, आवाज वाटेत जिरतो. पंखा मोठा घ्या पण हळू फिरवा, नाहीतर त्याचीच घरघर रेकॉर्ड होते.

प्रश्न : भिंतीभर 1 इंची फोम लावलाय तरी आवाज डब्यातून आल्यासारखा का येतो?

उत्तर : पातळ फोम फक्त वरचे सूर खातो, खालचे तसेच घुमत राहतात, त्यामुळे. 100 हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिला 1 इंच काय करणार! निम्मा फोम काढा, 10 सेंटिमीटर जाडीच्या रॉकवूलच्या चौकटी कापडात गुंडाळून आधी कोपऱ्यांत लावा, मग गाताना तोंडासमोर आणि पाठीमागे येणाऱ्या भिंतींवर, मागे थोडी मोकळी जागा सोडून. रॉकवूल कापताना मास्क आणि हातमोजे हवेतच. आणि काढलेला फोम साधा गादीचा असेल तर परत कुठेच लावू नका, तो पेटला की भराभर जळतो आणि धूर विषारी असतो.